पडलेलं म्युझिकल चाहते पुन्हा उभं करतात ते कसं: नवख्यांसाठी वाटाड्या

रील्स बघता बघता एखाद्या इंग्रजी म्युझिकलचं गाणं कानावर पडतं. दोन दिवसांत अख्खा अल्बम पाठ होतो आणि मग कळतं की हे नाटक तर केव्हाच बंद पडलंय. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हे परत यावं म्हणून आपण काय करायचं? नवखा चाहता इथे हमखास ऑनलाइन सह्यांची मोहीम काढतो. काढायची तर काढा, पण नुसत्या सह्यांचा आकडा बघून निर्मात्यानं खिशात हात घातल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. गेल्या दहाएक वर्षांत अमेरिकेत ज्या एक-दोन नाटकांना चाहत्यांनी खरोखर हात दिला, तिथे त्यांनी वेगळंच काहीतरी केलं. ते काय, आणि त्यातलं आपल्याला पुण्या-मुंबईत किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बसून किती जमण्यासारखं आहे, ते पायरीपायरीनं सांगतो.

पायरी १: आधी ‘बी मोअर चिल’ची हकिगत नीट माहीत करून घ्या

‘बी मोअर चिल’ हे अमेरिकी म्युझिकल म्हणजे या विषयातला पहिला धडा. नेड व्हिझिनी यांची याच नावाची कादंबरी २००४ साली आली. जेरेमी नावाचा शाळकरी, बुजरा मुलगा. त्याला गोळीच्या आकाराचा एक जपानी संगणक मिळतो. गोळी गिळायची, वर ‘माउंटन ड्यू’ प्यायचं, की तो संगणक मेंदूत बसून ‘असं वाग, तसं बोल’ म्हणून सांगायला लागतो. जो आयकॉनिस यांनी यावर गाणी आणि संगीत केलं, जो ट्रॅझ यांनी संहिता लिहिली, आणि २०१५च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या रेड बँक या गावी टू रिव्हर थिएटरनं ते रंगमंचावर आणलं. एडिसनची आपली मंडळी तासाभराच्या आत तिथे पोचतील, इतकं जवळ. प्रयोग चालले महिन्याभरापेक्षाही कमी. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची समीक्षा अनुकूल नव्हती, न्यूयॉर्कचा कुणी निर्माता पुढे आला नाही, आणि नाटक संपलं. अमेरिकेत दर वर्षी अशी कितीतरी नाटकं संपतात आणि त्यांची नावंही कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

याचं नाव राहिलं, कारण जाता जाता एक गोष्ट झाली होती. घोस्टलाइट रेकॉर्ड्सनं मूळ संचाच्या आवाजात त्याचा अल्बम काढला. तो २०१५च्या शरद ऋतूत आला आणि जवळपास दीड वर्ष कुणी त्याच्याकडे फारसं बघितलं नाही. मग २०१७मध्ये काय झालं ते अजून कुणाला नेमकं उलगडून सांगता आलेलं नाही. अल्बम ऐकणाऱ्या पोरापोरींनी टंबलर या समाजमाध्यमावर पात्रांची चित्रं टाकायला सुरुवात केली, यूट्यूबवर गाण्यांवर चित्रफिती बनवल्या, लाल हुडी घालून जेरेमीचा मित्र मायकेल बनून फोटो काढले. त्या वर्षी टंबलरवर ज्या म्युझिकल्सची सर्वाधिक चर्चा झाली त्यांत ‘हॅमिल्टन’च्या खालोखाल याचा नंबर होता. ‘हॅमिल्टन’ ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, हाऊसफुल्ल चालू होतं, आणि याचा एकही प्रयोग न्यूयॉर्कात लागलेला नव्हता!

पुढे २०१८च्या उन्हाळ्यात ऑफ-ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्याच लहान व्यावसायिक थिएटरांत, सिग्नेचर सेंटरच्या सुमारे ३०० खुर्च्यांच्या सभागृहात ठराविक मुदतीचे प्रयोग लागले आणि तिकिटं संपली. १० मार्च २०१९ रोजी ते ब्रॉडवेवर, लायसियम थिएटरमध्ये पोचलं. तोवर अल्बमची गाणी १० कोटींहून जास्त वेळा ऐकली गेली होती. सर्वोत्तम मूळ संगीतासाठी टोनी या ब्रॉडवेच्या मानाच्या पुरस्काराचं नामांकनही मिळालं. आणि ११ ऑगस्ट २०१९ला, पाच महिन्यांत, नाटक पुन्हा बंद झालं.

हा शेवटचा भाग चाहत्यांच्या कौतुकगोष्टींत हळूच गाळला जातो. तुम्ही गाळू नका. त्यातच पुढच्या पायऱ्यांचं निम्मं मर्म आहे.

पायरी २: तुमच्या नाटकाचं ध्वनिमुद्रण आहे का, ते बघा

हे नसेल तर बाकी सगळी धडपड व्यर्थ. बंद नाटक बघता येत नाही, ऐकता येतं. रेड बँकला प्रत्यक्ष प्रयोग पाहिलेले लोक काही हजार असतील. बाकीच्या सगळ्या चाहत्यांनी नाटक ऐकलं आणि बाकीचं मनात रचलं. उलट मला तर वाटतं, न पाहिल्यामुळेच त्यांचा उत्साह इतका उतू गेला. मायकेल दिसतो कसा, त्याच्या गाण्यातली बाथरूम कुठल्या रंगाची, हे ठरवायला मोकळीक होती.

मराठी माणसाला हे नवं वाटू नये. बालगंधर्वांना रंगमंचावर पाहिलेली पिढी केव्हाच संपली, पण ‘स्वयंवर’ आणि ‘मानापमान’मधली पदं अजून मैफलीत म्हटली जातात, ती तबकड्यांमुळे आणि त्या ऐकून शिकलेल्या गळ्यांमुळे. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७चं. पंडित वसंतराव देशपांडे यांच्या आवाजातली त्याची पदं ज्यांनी नाटक कधीच पाहिलं नाही अशा घरांतही वाजत राहिली. २०१०मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनात, वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांना घेऊन, नाटक पुन्हा आलं तेव्हा समोर बसलेल्या प्रेक्षकाला चाली आधीच पाठ होत्या. तिथे काम रेडिओनं आणि कॅसेटनं केलं होतं. रेड बँकच्या नाटकासाठी तेच स्पॉटिफाय आणि यूट्यूबनं केलं.

याचं दुसरं टोक म्हणजे ‘राइड द सायक्लोन’. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात २००८ साली सुरू झालेलं हे नाटक. शाळेच्या गायनवृंदातली सहा मुलं जत्रेतल्या रोलरकोस्टरवर मरतात, आणि भविष्य सांगणारं एक यंत्र त्यांतल्या एकाला परत जगायची संधी देऊ करतं. शिकागो झालं, २०१६च्या अखेरीस ऑफ-ब्रॉडवे झालं, पण अल्बमच नव्हता. तो आला २०२१मध्ये. आणि २०२२मध्ये, मूळ नाटकाला चौदा वर्षं झाल्यावर, टिकटॉकवर त्याची गाणी वणव्यासारखी पसरली. अल्बम २०१७ला आला असता तर काय झालं असतं, हा चाहत्यांचा आवडता वाद आहे.

तेव्हा तुमच्या नाटकाचा अधिकृत अल्बम कुठल्या कंपनीचा, कुठे ऐकायला मिळतो, भारतात उपलब्ध आहे का, हे आधी तपासा. नसेल, तर तुमची पहिली मागणी ‘नाटक परत आणा’ ही नको. ‘गाणी रेकॉर्ड करा’ ही हवी. ती खर्चानं कितीतरी लहान आहे, म्हणून ती मान्य होण्याची शक्यताही जास्त.

पायरी ३: एकच गाणं उचला

नव्या माणसाला अख्खा अल्बम पाठवू नका, तो उघडणारही नाही. एक गाणं निवडा, आणि ते तुमचं सगळ्यांत लाडकं असायला हवं असं नाही. ‘बी मोअर चिल’चं दार उघडलं ते जॉर्ज सालाझार यांनी गायलेल्या ‘मायकेल इन द बाथरूम’नं. पार्टी चालू आहे, जिवलग मित्रानं आत्ताच तोडून बोललंय, आणि मायकेल बाथरूममध्ये दार लावून बसलाय. बाहेरून कुणीतरी दार ठोठावतंय. बस, एवढंच. नाटकातला तो संगणक, ती गोळी, यातलं काही माहीत नसलं तरी गाणं कळतं. ज्यानं कुठल्याही लग्नात ओळखीचं कुणी नाही म्हणून हात धुवायच्या बेसिनपाशी दहा मिनिटं काढली आहेत, त्याला ते कळतंच.

निवडताना एवढं बघा: गाणं एकाच पात्राचं असेल तर उत्तम, कारण घरी बसून एकट्याला म्हणता येतं. मागचं कथानक सांगावं लागू नये. आणि त्यात असा एखादा तीस सेकंदांचा तुकडा असावा जो तोडून घेतला तरी लंगडा पडत नाही. ‘बीटलज्यूस’ या दुसऱ्या एका म्युझिकलमधलं ‘से माय नेम’ टिकटॉकवर गाजलं ते याच गुणावर: दोन पात्रांची चढाओढ, दोघं मित्र समोरासमोर उभे राहिले की व्हिडिओ तयार.

पायरी ४: काहीतरी बनवा

इथे थांबून सविस्तर बोलू, कारण नाटक परत येण्याचा खरा कारखाना हाच आहे. ‘मला हे नाटक फार आवडतं’ अशी पोस्ट वाचून कुणी गाणं ऐकायला जात नाही. चित्र बघून जातो.

सर्वांत जास्त कामाचा प्रकार म्हणजे ॲनिमॅटिक. पूर्ण ॲनिमेशन नाही. गाण्याच्या ओघात एकामागून एक येणारी रेखाटनं. तीन-चार मिनिटांच्या गाण्याला चाळीस-पन्नास चित्रं असली तरी भागतं, आणि चित्रं कच्ची असली तरी चालतात, तोंडावरचे भाव तेवढे नेमके हवेत. रीत अशी: आधी गाणं कागदावर ओळीओळीनं उतरवा. जिथे पात्राचा विचार बदलतो तिथे खूण करा; चित्र तिथे बदलायचं, तालाच्या प्रत्येक ठोक्याला नाही. फोनवर चित्रं काढण्याचं कुठलंही ॲप आणि साधा व्हिडिओ एडिटर पुरतो. कडव्यात चित्रं सावकाश बदला आणि धृपद परत आलं की झपाट्यानं. शेवटच्या ओळीला एकच चित्र लांबवा. शिकलेल्या चित्रकारापेक्षा गाणं हजारदा ऐकलेल्या पोराचं ॲनिमॅटिक सरस ठरलेलं मी पुष्कळदा पाहिलंय.

चित्र येत नसेल तर वेश करा. मायकेलची लाल हुडी, गळ्यात हेडफोन. कुठल्याही कपाटातून निघेल असा पोशाख. ‘बीटलज्यूस’चा काळा-पांढरा पट्ट्यांचा सूट दुरूनही ओळखू येतो. वेशभूषाकार हे चाहत्यांसाठी करत नसतात, पण ज्या पात्राचा पोशाख घरी जमतो त्याचे फोटो जास्त फिरतात, हे उघड आहे.

गाता येत असेल तर गा. आणि मराठीत गायचा मोह आवरत नसेल, तर आवरू नका, फक्त एक ध्यानात ठेवा: भाषांतर करून जाहीर गाण्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. घरच्या घरी, मित्रांत म्हणून बघायला कुणाची हरकत नाही. कमाईचं चॅनल असेल तर मात्र पत्र लिहून विचारा.

यूट्यूबवर मूळ ध्वनिमुद्रण वापरलंत की बहुतेक वेळा आपोआप ‘हक्काचा दावा’ येतो. घाबरून व्हिडिओ काढून टाकू नका. पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच असतो की त्यावरच्या जाहिरातींचे पैसे रेकॉर्ड कंपनीला जातील. जाऊ द्या की. तुमच्या नाटकाच्या अल्बमच्या खात्यात ते जमा होतायत, याहून चांगलं काय?

माध्यमाबद्दल थोडं. भारतात जून २०२०पासून टिकटॉकवर बंदी आहे, तेव्हा इथल्या चाहत्यांची मदार इन्स्टाग्राम आणि यूट्यूब शॉर्ट्सवर. टंबलरवर आता पूर्वीची गर्दी नाही, पण नाटकवेडे अजून तिथेच मुरून बसलेत. लांबलचक चर्चा तिथेच सापडतात. कुठेही टाका, नाटकाचं पूर्ण नाव, गाण्याचं नाव आणि संगीतकाराचं नाव न चुकता लिहा. नुसती आद्याक्षरं आतल्यांना कळतात. नव्याला शोधायला नाव लागतं, आणि आपण हे सगळं नव्यासाठीच करतोय.

पायरी ५: चोरट्या चित्रीकरणाचं काय?

प्रश्न येणारच. अंधारात फोन लपवून केलेली चित्रणं यूट्यूबवर ‘स्लाइम ट्यूटोरियल’ असल्या भलत्याच नावानं चढवली जातात, म्हणजे शोधणाऱ्याला सापडावीत आणि हक्कवाल्याला सापडू नयेत. अनेकांना नाटकाची ओळखच अशी झाली, हे खोटं कशाला सांगू. न्यूयॉर्कचं तिकीट परवडणारी माणसं किती असतात?

तरी माझं मत विरुद्ध आहे. कायदा मोडतो हे एक. पण प्रयोग चालू असताना समोरच्या रांगेत लाल दिवा चमकला की नटाचं लक्ष उडतं, हे ज्यानं कधी रंगमंचावर काम केलंय त्याला विचारा. शिवाय असल्या बघण्याची नोंद कुठेच होत नाही. लाखभर लोकांनी ते बघितलं तरी निर्मात्याच्या वहीत शून्य. बघायचंच असेल तर अधिकृत तुकडे, पत्रकारांसाठी केलेली चित्रणं, टोनी सोहळ्यातले प्रवेश पुष्कळ सापडतात.

पायरी ६: हिशोबात दिसा

‘बीटलज्यूस’ २५ एप्रिल २०१९ला ब्रॉडवेच्या विंटर गार्डन थिएटरमध्ये उघडलं. समीक्षा बऱ्या-वाईट, सुरुवातीची तिकीटविक्री बेताची. टोनीची आठ नामांकनं, पुरस्कार एकही नाही. असं नाटक सहसा उन्हाळ्यात गाशा गुंडाळतं. पण जूनमध्ये अल्बम आला आणि टिकटॉकवर गाणी पसरली. लिडियाच्या भूमिकेची बदली कलाकार प्रेस्ली रायन पडद्यामागचे छोटे व्हिडिओ टाकत असे, तेही लाखोंनी बघितले. वर्ष संपेपर्यंत एका आठवड्याचं उत्पन्न १५ लाख डॉलरच्या पुढे गेलं.

आणि तरीही नाटकाला घर सोडायची नोटीस मिळाली होती. ब्रॉडवेच्या भाडेकरारात एक कलम असतं: उत्पन्न ठरलेल्या आकड्याखाली गेलं, की थिएटरमालक नाटकाला बाहेर काढू शकतो. विक्री मंद होती त्या आठवड्यांत ते कलम लागू झालं होतं, आणि मालकांना तिथे ह्यू जॅकमनचं ‘द म्युझिक मॅन’ आणायचं होतं. जून २०२०ची तारीख ठरली. त्याआधीच मार्चमध्ये कोविडनं सगळा ब्रॉडवे बंद पाडला. ‘बीटलज्यूस’ परत आलं ते ८ एप्रिल २०२२ला, दुसऱ्या जागेत, मार्की थिएटरमध्ये, आणि जानेवारी २०२३पर्यंत चाललं.

यातून घ्यायचं ते हे: चाहत्यांचं प्रेम सहा महिने उशिरा आलं. पहिल्या आठवड्यांचा हिशोब तोवर लिहून झाला होता. म्हणून आपल्या नाटकाचा कुठलाही प्रयोग जाहीर झाला, की तिकीट पहिल्या दोन-तीन आठवड्यांतलं काढा, तेही शक्यतो मंगळवार-बुधवारचं. शनिवारची रात्र भरायला चाहत्यांची गरज नसते. नाटकाच्या अधिकृत पत्रयादीत नाव नोंदवा आणि गावाचं नाव खरं लिहा. दौरा कुठल्या शहरात न्यायचा हे ठरवताना निर्माते असल्या याद्या चाळतात. अल्बम पैसे देऊन घेता येत असेल तर घ्या. गाणी अधिकृत ठिकाणीच ऐका.

पैसे कमी असतील तर न्यूयॉर्कात जवळजवळ प्रत्येक नाटकाची ऑनलाइन सोडत असते, आणि सकाळी तिकीटबारीवर त्याच दिवसाची स्वस्त तिकिटंही मिळतात. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी हे आधी शिकावं.

पायरी ७: परवाना घ्या आणि स्वतः करा

ही पायरी चाहते विसरतात, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची हीच आहे. ‘बी मोअर चिल’ ब्रॉडवेवर पोचण्याआधीच अमेरिकेतल्या शाळा, कॉलेजं आणि हौशी संस्थांनी रीतसर परवाना काढून ते बसवलं होतं. जिथे जिथे ते झालं तिथे पन्नास पोरं, त्यांचे आईबाप आणि अर्धा गाव त्यात गुंतला. मानधन भरलेला प्रत्येक प्रयोग हक्कधारकाच्या दप्तरात नोंदला जातो. सह्यांच्या कागदापेक्षा ती नोंद कैक पटींनी बोलकी असते.

इंग्रजी म्युझिकल्सचे हौशी हक्क बहुतेक करून कॉन्कॉर्ड थिएट्रिकल्स किंवा म्युझिक थिएटर इंटरनॅशनल यांच्याकडे असतात. त्यांच्या संकेतस्थळावर नाटक शोधा आणि अर्ज भरा: संस्था कुठल्या प्रकारची, प्रयोगांच्या तारखा, किती प्रयोग, सभागृहात खुर्च्या किती, तिकीट केवढ्याचं. त्यावरून ते रक्कम कळवतात. प्रत्येक प्रयोगाचं मानधन वेगळं, स्वरलिपी आणि संहितेच्या प्रतींचं भाडं वेगळं. होकार लेखी येईपर्यंत जाहिरात करू नका. संहितेतला शब्द बदलायचा, प्रवेश कापायचा, मराठी करायचं, प्रयोगाचं चित्रीकरण करायचं, यांतल्या प्रत्येकाला स्वतंत्र परवानगी लागते. आपल्याकडे ‘दोन वाक्यं स्थानिक टाकली तर काय बिघडलं’ ही सवय आहे, तिथे बिघडतं. आसपास व्यावसायिक दौरा येणार असेल तर परवाना नाकारलाही जातो. तसं झालं तर हिरमुसू नका, ती एका परीनं चांगली बातमी आहे.

हाच उत्साह एखाद्या मराठी संगीत नाटकावर खर्च करायचा असेल तर हिशोब पुष्कळदा सोपा पडतो. भारतीय कायद्यानं लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. कृ. प्र. खाडिलकर १९४८ला गेले, ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ला. म्हणजे १९११च्या ‘मानापमान’ची संहिता आणि मूळ चाली आता कुणाच्याही आहेत. ‘कट्यार’चं तसं नाही: पुरुषोत्तम दारव्हेकर १९९९ला गेले आणि पंडित जितेंद्र अभिषेकी १९९८ला, म्हणजे हक्क अजून बरीच वर्षं वारसांकडे आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी निराळा असतो, तेव्हा जुनी पदं स्वतः गा, तबकडीवरून उचलू नका. महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, हेही विसरू नका. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना गणपतीच्या कार्यक्रमासाठी दर वर्षी काहीतरी हवंच असतं. अंकभर ‘सौभद्र’ बसवून त्यातलं एकेक पद वेगळं कापून टाकलं, तर बघणारे मिळतील.

पायरी ८: मागायचं तर लहान मागा

आता त्या गाळलेल्या भागाकडे. सिग्नेचर सेंटरमध्ये हाऊसफुल्ल चाललेलं नाटक लायसियममध्ये पाच महिन्यांत का आटोपलं? आकडे मांडून बघा. ३०० खुर्च्या, आठवड्याला आठ प्रयोग, म्हणजे २,४०० तिकिटं. लायसियममध्ये खुर्च्या ९००च्या आसपास, म्हणजे आठवड्याला ७,०००हून जास्त. आणि चाहता कोण? चौदा ते एकवीस वर्षांचा, खिसा रिकामा, राहायला टेक्सासात नाहीतर ब्राझीलमध्ये. तो उन्हाळ्याच्या सुट्टीत आईवडिलांना घेऊन एकदा येतो, रडतो, टी-शर्ट घेतो आणि घरी जातो. फेब्रुवारीतल्या मंगळवारी खुर्ची भरायला तो येऊ शकत नाही. ब्रॉडवेचं रोजचं भाडं भरतो तो पर्यटक, आणि पर्यटकानं ‘मायकेल इन द बाथरूम’ हे नाव ऐकलेलंच नसतं.

म्हणून चाहत्यांनी ‘ब्रॉडवेवर आणा’ हा घोष सोडावा, असं मला ठामपणे वाटतं. लहान सभागृह, ठरलेली मुदत, शाळेच्या सुट्टीत. असं मागा. २०१८चा उन्हाळा त्याच मापाचा होता. लंडननंही पुढे तसंच केलं: २०२०च्या फेब्रुवारीत द अदर पॅलेस या छोट्या थिएटरमध्ये प्रयोग लागले, कोविडनं मधेच थांबले, आणि २०२१मध्ये शाफ्ट्सबरी थिएटरमध्ये मर्यादित मुदतीसाठी पुन्हा लागले.

निर्मात्याला किंवा संगीतकाराला लिहायचं असेल तर लिहा, हे लोक वाचतात. पण पत्र एका पानाचं. तुम्ही कुठले, तुमच्या गावात कोणतं सभागृह किती खुर्च्यांचं, तुमच्या गटात किती जण तिकीट काढतील, कुठल्या महिन्यात. भावना शेवटच्या दोन ओळींत. कलाकारांच्या खासगी खात्यांवर मात्र ‘परत कधी?’ म्हणून रोज टोचणी लावू नका. त्यांच्या हातात ते नसतं, आणि बेकार नटाला हा प्रश्न फार लागतो.

पायरी ९: परत आलेलं नाटक जुनं नसतं

आणि समजा आलंच परत. तुम्हाला पाठ असलेलं नाटक ते नसेल. ‘बी मोअर चिल’ न्यूयॉर्कला आलं तेव्हा आयकॉनिस यांनी पुष्कळ फेरफार केले. २०१८मध्ये जेरेमीला ‘लूजर गीक व्हॉटएव्हर’ हे नवं गाणं मिळालं, ब्रॉडवेवर आणखी बदल झाले, काही जुन्या ओळी गेल्या. दोन-तीन वर्षं रोज ऐकलेल्या गाण्यातला शब्द बदलला की चाहत्याला ठेच लागते. थिएटरात पहिल्या आठवड्यात समोरची मुलं जुने शब्द पुटपुटतात आणि नट नवे गातात, असं होणारच. पुटपुटा, पण मोठ्यानं गाऊ नका. शेजारच्यानंही तिकीट काढलेलं असतं.

ज्यांना आत्ता सुरुवात करायची आहे त्यांनी आधी २०१५चा अल्बम सलग ऐकावा, मध्यंतर घेऊन, गाण्यांचा क्रम न मोडता. मग २०१९चा ब्रॉडवे अल्बम. कुठला चांगला यावर चाहत्यांत दोन तट आहेत आणि दोघेही हट्टी आहेत. माझं मत जुन्याच्या बाजूनं, वाद्यं कमी आणि आवाज कच्चे असले तरी. फक्त जेरेमीचं ते नवं गाणं मला जुन्यात हवं होतं.